चूक दिसली की ओरडायचं

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या धाकट्या भावाला, शाळेत मुलं 'भोंगा सर' म्हणायची. पाठीमागे म्हणायची असं नाही, तोंडावरसुद्धा म्हणायची, आणि भाऊजी खूश व्हायचे. आवाजच तसा होता. वरच्या मजल्यावर त्यांचा गणिताचा तास सुरू झाला की खालचा शिपाई आपल्या स्टुलावर बसून मनातल्या मनात बेरजा करायचा. त्यांचं लग्न झालं नाही. सासूबाई म्हणायच्या, "समोरच्या मुलीला हो म्हणायला हा फट ठेवेल तेव्हा ना!"

मी त्याच शाळेत भाषा शिकवते. माझं नशीब असं की माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून, आणि मधे भिंत नाही, प्लायवूडचं पार्टिशन. मी आपली डोळे मिटून एखादी कविता म्हणतेय, मुलं जरा कुठे गुंगतायत, की पलीकडून आरोळी यायची, "आधी छेद समान करा!" सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. मी त्या प्लायवूडवर इतक्यांदा डस्टर आपटलंय की तिथे एक पांढरा गोल उमटलाय. घरी भाऊजी, शाळेत सर, आणि दोन्हीकडे डोक्याला ताप.

मग तो आवाज बसायला लागला. आधी सगळ्यांनी थट्टा केली, की भोंग्याची बॅटरी उतरली. गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. शेवटी घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आवाज परत येणार नाही. येईल ती कुजबुज, आणि तीही जपून वापरायची. भाऊजींनी ते ऐकून घेतलं आणि वाटेतल्या दुकानातून एक पाटी विकत घेतली. काळी, लाकडी चौकटीची, लहान मुलांची असते तशी. तेव्हापासून ते तिच्यावर लिहून बोलतात.

शाळेच्या मंडळाने फार गोड शब्दांत निर्णय कळवला. हे वर्ष बघू. वार्षिक तपासणीत सरांनी वर्ग चालवून दाखवला तर ते शिकवतील, नाहीतर त्यांना साहित्यखोली सांभाळायला देऊ. साहित्यखोली म्हणजे जिथे फाटके नकाशे, पंक्चर झालेले फुटबॉल आणि अर्धा तुटलेला पृथ्वीचा गोल ठेवतात ती खोली. पगार तोच राहणार होता, त्यामुळे कुणालाच त्यात वाईट काय ते कळेना. आमचे मुख्याध्यापक तर म्हणाले, "आराम मिळेल हो हो त्यांना." ते कुणाच्याही कुठल्याही बोलण्यावर 'हो हो' म्हणतात, म्हणून स्टाफरूममध्ये त्यांचं नावच हो-हो सर आहे. ज्या माणसाला वर्गाबाहेर काही येतच नाही, ज्याला साधा चहासुद्धा धड करता येत नाही, त्याला आराम मिळेल म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजी मात्र पाटीवर लिहून मोकळे झाले: "वर्ष आहे ना अजून."

आणि मग आमच्या घरात अनोळखी माणसं बोलायला लागली.

"नमस्कार मित्रांनो!" सकाळी चहाला हेच, जेवताना हेच, मी कपडे वाळत घालतेय तर खिडकीतून हेच. भाऊजी फोनवर गणित शिकवणारे व्हिडिओ बघत बसायचे. फुकट मिळतात, पाहिजे तेवढे. "फुकट ते पौष्टिक," माझा नवरा म्हणाला. पौष्टिक कसलं! दहातले नऊ टाकाऊ. कुणी मुद्द्यावर यायच्या आधी स्वतःचंच कौतुक करत बसणार. कुणी मागे असं संगीत लावणार की वाटावं, भागाकार नाही, खून होणार आहे. एका बाईंचा हात एवढा मोठा की अख्खं समीकरण त्यांच्या मनगटाखालीच सुटायचं, हात बाजूला झाला की एकदम उत्तर. आणि ऐन मोक्याला केसांच्या तेलाची जाहिरात! मी म्हणायची, "भाऊजी, निदान घास घेताना तरी ते बंद करा हो." ते बंद करायचे, घास गिळायचे, परत चालू.

शाळेत तर आनंदीआनंदच होता. प्रोजेक्टर होता तो तापला की आपोआप बंद पडायचा. त्याला पंखा लावला तर पडदा फडफडायचा आणि त्रिकोण पोहायला लागायचे. इंटरनेट हेडमास्तरांच्या खोलीपुरतं यायचं, म्हणून भाऊजी घरूनच व्हिडिओ उतरवून आणायचे. नव्या स्पीकरची मागणी केली तर उत्तर आलं, "हो हो, बघू." ते अजून बघतायत. स्टाफरूममध्ये एक मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिकवतोय व्हिडिओ, आणि बटण दाबायचा पगार ह्यांना. आयत्या बिळावर नागोबा!" मी तिथेच त्यांना चार शब्द सुनावले. माझं असंच आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. उपयोग काहीच होत नाही, पालथ्या घड्यावर पाणी.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. पार्टिशनपलीकडून आता भाऊजींचा नाही, कुणा परक्याचा गुळगुळीत आवाज यायचा आणि मला डस्टर आपटायचीही इच्छा होईना. पण थोड्या दिवसांनी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो आवाज सारखा थांबायचा. वाक्य अर्धं झालं की बंद. मग शांतता. मग एखाद्या मुलाचा आवाज, मग दुसऱ्याचा, वाद, मग व्हिडिओ परत चालू, आणि एकदम जल्लोष.

एकदा मला मोकळा तास होता तेव्हा मी दारातून बघितलं. भाऊजी पडद्याशेजारी उभे होते, एका हातात रिमोट, दुसऱ्यात खडू. मूल जिथे हमखास घसरतं तिथे ते व्हिडिओ बरोबर थांबवायचे आणि खडू कुणाकडे तरी रोखायचे. त्या मुलाने सांगायचं, आता ही व्हिडिओतली बाई पुढे काय म्हणणार. का म्हणणार, तेही सांगायचं. मग चालू. बाई तेच बोलली की वर्ग जिंकला. मुलं त्या बाईशी सामना खेळावा तशी खेळत होती, आणि कुठे थांबायचं हे ठरवायला भाऊजींनी रात्रंदिवस ते व्हिडिओ बघितले होते. बटण दाबायचा पगार!

पुढची पायरी आमच्या स्वयंपाकघरात सुरू झाली. मी भांडी घासत होते आणि भाऊजी नाचतच आत आले. फोन माझ्या नाकासमोर धरला. एक हसरा माणूस सांगत होता, "चौरसाची बाजू दुप्पट केली, की क्षेत्रफळही दुप्पट होतं." भाऊजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू लॉटरी लागली.

"बरोबरच आहे की," मी म्हणाले.

त्यांनी कपाळावर हात मारला. खिशातून खडू काढला, खाली बसले आणि माझ्या नुकत्याच पुसलेल्या जमिनीवर एका फरशीभोवती चौकोन काढला. मग बाजू दुप्पट केली. दोन फरश्या आडव्या, दोन उभ्या, आणि त्यांच्याभोवती मोठा चौकोन. मला म्हणाले, म्हणजे खुणेने म्हणाले, मोजा. चार फरश्या. दुप्पट नाही, चौपट. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या जमिनीवर चालतेय मी!

"मग हा माणूस चुकीचं सांगतोय," मी म्हणाले. "टाकून द्या."

भाऊजींनी पाटी ओढली. "टाकू कसा? दर वर्षी निम्मा वर्ग हीच चूक करतो. आता ती पडद्यावर पकडतील."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली ती वर्षभर कुणी पुसली नाही: 'चूक दिसली की ओरडायचं.' नियम असा, की प्रत्येक धड्याच्या व्हिडिओंत एक चुकीचा असणार. कुठला, ते सर सांगणार नाहीत. झालं! मुलं एकेका वाक्याकडे अशी संशयाने बघायला लागली, जसं काही समोर चोरच उभा आहे. बरोबर वाक्यावरही ओरडायची. मग सर खडू रोखायचे: सिद्ध कर. सिद्ध करता आलं नाही की सगळा वर्ग हुर्यो करायचा.

त्या वर्गात एक मुलगी होती, तिला मुलं 'म्यूट' म्हणायची. माझ्या तासाला ती धडा वाचायला उभी राहिली की पहिल्या बाकालासुद्धा ऐकू जायचं नाही. मी हजारदा सांगून थकले, "अगं, जरा मोठ्याने." एका दुपारी पार्टिशनपलीकडून एक किंचाळी आली, "चूक! त्याने हातचा घेतलाच नाही!" मी चमकले. आवाज ओळखीचा नव्हता. मधल्या सुट्टीत कळलं, म्यूट. सरांना ओरडता येत नाही म्हणून ती ओरडली, असं तिचं म्हणणं. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला, माझ्याकडे का नाही ओरडली कधी!

तपासणी जवळ आली तशी मी घरी भाऊजींच्या मागे लागले. "त्या दिवशी एखादा साधा, गोड, बरोबर व्हिडिओ लावा. ऐकताय ना? शहाणपणा दाखवायची ती वेळ नाही."

त्यांनी मान हलवली. नाही. पाटीवर लिहिलं, "क्षेत्रफळाचा धडा चालू आहे. आधीचे सगळे व्हिडिओ बरोबर निघाले. राहिलेला चुकीचा, मुलांना माहीत आहे."

"मग पुढच्या दिवशी दाखवा!"

"तो दिवस त्याचाच आहे. पाहुण्यांसाठी बदलला तर मुलांशी खोटं बोलल्यासारखं होईल."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो वर्तमानपत्रामागून म्हणाला, "जाऊ दे गं. त्याला कळतं." आमच्या घरातले पुरुष! एक बोलू शकत नाही आणि दुसरा बोलत नाही.

तपासणीला ज्या अधिकारी बाई आल्या त्या वाईट नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या, मुलांना नाव विचारून मग प्रश्न विचारणाऱ्या. त्या भाऊजींच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या, शेजारी हो-हो सर. मी माझ्या वर्गाला मनात धडा वाचायला लावला आणि पार्टिशनला कान लावून उभी राहिले.

सगळं छान चाललं होतं. "नमस्कार मित्रांनो." थांबला. कुणीतरी उत्तर दिलं. चालू. जल्लोष, जरा दबकत. बाई "वा" म्हणाल्याचंही मी ऐकलं. आणि मग तो हसरा माणूस म्हणाला, "चौरसाची बाजू दुप्पट केली, की क्षेत्रफळही दुप्पट होतं."

जे काही उसळलं! "चूक! चूक! चूक!" बाक वाजले. म्यूटचा आवाज सगळ्यांच्या वर, "चौपट! सर, चौपट होतं!" धडाधड पावलं वाजली, मुलं फरश्या मोजायला खाली बसली असणार. मी इकडे एकटीच हसत होते. भोंगा परत आला होता, फक्त चाळीस तोंडांनी वाजत होता.

मग एकदम सगळं थांबलं. बाईंचा आवाज आला, "हा काय प्रकार आहे?"

मी माझा वर्ग सोडून तिकडे धावले. मुलं जमिनीवर होती तशीच गोठली होती. बाई उभ्या होत्या. "सर, या व्हिडिओत चुकीची माहिती आहे."

"मॅडम, तो तसाच असतो," मी दारातूनच बोलले. "सर चुकीचा व्हिडिओ शोधूनच आणतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे चुकीचा आहे हे माहीत असून दाखवला?"

झालं. जे काही बोलावं ते उलटंच पडत होतं. मी म्हणाले, मुलांना चूक पकडायची सवय लागते. त्या म्हणाल्या, आणि ज्याला पकडता आली नाही तो मुलगा काय शिकून घरी गेला? मी म्हणाले, सगळ्यांनी पकडली की आत्ता! त्या म्हणाल्या, आणि हा गोंधळ? मी म्हणाले, तो गोंधळ नाही. आणि तो काय आहे हे मला सांगताच येईना. मी, भाषेची शिक्षिका! ज्याला सांगता आलं असतं तो माणूस हातात खडू धरून उभा होता.

हो-हो सर भाऊजींच्या कानाशी वाकले. मी जवळच होते, मला ऐकू आलं. "चुकून लागला म्हणा. चुकून दुसराच व्हिडिओ लागला, एवढंच लिहा. मी सांभाळून घेतो." आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस उपयोगाचं काही बोलला होता. खरंच, तेवढ्यावर भागलं असतं. बाईंच्या चेहऱ्यावरही दिसत होतं, की त्या त्याचीच वाट बघतायत.

भाऊजींनी पाटी घेतली. वर्गाकडे एकदा बघितलं. चाळीस मुलं त्यांच्याकडे बघत होती, पुढे म्यूट, गुडघ्यांना खडू लागलेला. त्यांनी एकच शब्द लिहिला आणि पाटी बाईंसमोर धरली.

'मुद्दाम.'

मग परत पाटी स्वतःकडे वळवून त्या शब्दाखाली रेघ ओढली.

"हात दाखवून अवलक्षण," घरी माझा नवरा म्हणाला. मी त्याच्यावर ओरडले, मग भाऊजींवर ओरडले. एक शब्द खोटा लिहिला असता तर काय आभाळ कोसळलं असतं का? भाऊजींनी लिहिलं, "मुलांनी पकडलेली चूक खरी होती. मी 'चुकून लागला' म्हटलं असतं, तर त्यांनी माझी फजिती केली असं झालं असतं." मला ते पटलं, आणि पटल्यामुळे जास्तच राग आला.

निर्णय आला तो कुणाला दोष देता येऊ नये असाच होता. सरांच्या सेवेबद्दल आदर. त्यांनी साहित्यखोली सांभाळावी. व्हिडिओंचा उपक्रम 'अत्यंत उपयुक्त' असल्यामुळे तो पुढे चालू राहावा, फक्त व्हिडिओ मान्यता मिळालेले असावेत आणि ते सभागृहात सर्व वर्गांना एकत्र दाखवावेत. म्हणजे भाऊजींनी जे फुकटच्या गाळातून चाळून चाळून उभं केलं, ते ठेवलं आणि भाऊजींना काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता.

आता गणिताच्या तासाला सगळी मुलं सभागृहात खुर्च्यांवर बसतात. कॉम्प्युटरवाला बटण दाबतो आणि स्वतःच्या फोनमध्ये तोंड घालतो. व्हिडिओ सुरू होतो तो संपेपर्यंत थांबत नाही. देखरेखीला कधी मी असते. हो-हो सर दारातून डोकावून म्हणतात, "काय शांतता आहे हो हो!"

काल परिमितीचा व्हिडिओ होता. मी कडेला उभी होते, आणि गणितातलं मला कळतं ते आमच्या फरशीपुरतं, म्हणून मी पडद्याकडे न बघता मुलांकडे बघत होते. अर्ध्यावर म्यूटची पाठ एकदम ताठ झाली. तोंड उघडलं. तिने शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने तिच्याकडे, मागच्या रांगेतही दोघातिघांनी माना वर केल्या. मी वाट बघू लागले. आणि म्यूटने तोंड मिटलं. व्हिडिओ पुढे गेला, संपला. कॉम्प्युटरवाल्याने वर न बघता विचारलं, "कळलं का सगळ्यांना?" सगळे म्हणाले, "हो."

बाहेर पडताना मी तिला थांबवलं. "मधे काय झालं होतं गं?"

ती पूर्वीसारखीच बोलली, मला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला. "परिमितीचं उत्तर चौरस मीटरमध्ये लिहिलं होतं, मॅडम. नुसतं मीटर पाहिजे."

"मग ओरडली का नाहीस?"

"आम्ही ओरडलो म्हणूनच सर गेले ना." तिने आजूबाजूला बघितलं. "आता आमचं सगळ्यांचं ठरलंय. कितीही मोठी चूक दिसली तरी गप्प बसायचं. मॅडम, असं वर्षभर गप्प बसलो तर सरांना परत पाठवतील ना?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर्गात जा म्हणाले.

घरी आल्यावर भाऊजींना सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. ते तुटक्या पृथ्वीच्या गोलाला घरी आणून चिकटवत बसले होते. गोल खाली ठेवून त्यांनी हात पुसले. मला वाटलं, रडतील, आणि मला रडणाऱ्या पुरुषाशी काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून मी उठायला लागले. त्यांनी खुणेने बसवलं आणि पाटी ओढली.

"वहिनी, त्यांना सांगा, मी परत येणार नाही. मग तरी ओरडतील."

उद्या पहिला तास त्याच वर्गावर आहे, माझाच. गावभर ज्याला-त्याला सुनावत फिरणारी मी, सकाळपासून ते एक वाक्य तोंडात घोळवतेय, आणि जीभ रेटत नाही.